सात उद्दिष्टं आणि आठवड्याचे चार तास

तुमचा उपकरणं दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे आणि तुम्ही धरून चार माणसं काम करतात. दर नव्या वर्षाला तुम्ही उद्दिष्टांची यादी करता, आणि तिसऱ्या महिन्यात ती कुठे ठेवली हेही आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यंदाची यादीही दिली आहे: विक्री दुप्पट करणं, दुसरी शाखा, वेबसाइट, समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकणं, उधारी कमी करणं, हिशेब संगणकावर नेणं आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. यातलं जमण्यासारखं काय आणि ते ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

लहान धंद्यांच्या खातेवह्या बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि माझ्या स्वतःच्याही फसल्या आहेत. तुमच्या यादीतलं एकही कलम चुकीचं नाही. अडचण एवढीच की सातही कामं करणारा माणूस एकच आहे, आणि तो आज सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा नाही. नव्या वर्षाची पहाट झाली म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत. यादी फसली की आपण आळशीपणाला किंवा शिस्तीला दोष देतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मुळात जागाच नसते.

म्हणून उद्दिष्टं लिहिण्याआधी दोन आठवडे एक कंटाळवाणं काम करा. दर तासाला काय केलं ते वहीत एका ओळीत लिहा. समजा तुम्ही आठवड्याला 54 तास काम करता. त्यातले 35 दुरुस्तीच्या टेबलावर जातात, दहा-बारा फोन आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यात, बाकीचे सुटे भाग आणण्यात, बिलं करण्यात आणि कोणीतरी घातलेला घोळ निस्तरण्यात. खरोखर मोकळे, म्हणजे धंदा चालवण्याऐवजी धंदा सुधारण्यावर घालता येतील असे तास उरतात चार. कधी तेही नाही. वर्षात असे 45 आठवडे मिळाले असं धरू, कारण आजारपणं, लग्नकार्यं आणि गर्दीचे दिवस येणारच. म्हणजे वर्षाचे 180 तास. तुमच्या सगळ्या नव्या उद्दिष्टांसाठी मिळून एवढीच शिल्लक आहे.

आता प्रत्येक कलमापुढे तास लिहा. साधी वेबसाइट करून घ्यायची तर मजकूर, फोटो, करणाऱ्याशी बोलणं आणि दुरुस्त्या मिळून तुम्ही 30 तास लिहाल. तिथे थांबा आणि ते 60 करा. हा माझा निराशावाद नाही. माणूस स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बहुतेकदा कमीच धरतो, या खोडीला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये नावही दिलं. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं 34 दिवस, प्रत्यक्षात लागले 55. सगळं बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं 49 दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. यावर उपाय म्हणजे 'या वेळी किती लागेल' असं न विचारता 'मागच्या वेळी असल्या कामाला किती लागले होते' असं विचारणं. मागची नोंद नसेल तर दुप्पट धरा.

दुप्पट धरल्यावर 180 तासांत दोन मोठी कामं बसतात, फार तर एखादं लहान आणखी. सातही घेतलीत तर एक ना धड भाराभर चिंध्या. तुमचा गेल्या वर्षीचा अनुभव बहुधा तोच असणार.

इथे कोणीतरी 'स्मार्ट' उद्दिष्टांची, म्हणजे चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेल्या पद्धतीची, आठवण करून देईलच. ती पद्धत वाईट नाही, फक्त तिचं एक अक्षर वाटेत बदललं. 1981 मध्ये जॉर्ज डोरन यांनी तिच्यावर लेख लिहिला तेव्हा त्यातला 'ए' होता असाइनेबल, म्हणजे काम कोणाच्या अंगावर आहे ते स्पष्ट असणं. पुढे बहुतेक ठिकाणी तो अचिव्हेबल, म्हणजे गाठता येण्याजोगं, झाला. मला मूळचा जास्त कामाचा वाटतो. चार माणसांच्या धंद्यात 'आपण हे करू' याचा अर्थ मालक करेल असा होतो, आणि मालक तर टेबलावर बसलेला. म्हणून प्रत्येक उद्दिष्टापुढे एका माणसाचं नाव लिहा, आणि ते काम करायला तो माणूस कोणतं जुनं काम सोडणार तेही लिहा. दुसरा रकाना भरता येत नसेल तर उद्दिष्ट यादीतून काढा. हा नियम कडक आहे, पण यादी निम्मी करायला याच्याइतकं सोपं हत्यार मला सापडलेलं नाही.

तासांनंतर गेल्या वर्षाचा हिशेब. याच्याशिवाय आकडा ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फार खोलात जायची गरज नाही, पण महिनावार विक्री, थेट खर्च वजा जाता उरलेलं मार्जिन, येणं किती दिवसांनी वसूल होतं आणि महिन्याचा बांधील खर्च एवढं तरी समोर हवं. बांधील खर्च म्हणजे भाडं, पगार, हप्ते वगैरे, धंदा झाला नाही तरी जाणारे पैसे. तुमचा स्वतःचा पगारही त्यात धरा. पुष्कळ मालक तो धरत नाहीत, आणि मग नफा दिसतो पण घरात पैसा नसतो.

विक्री दुप्पट करायची म्हणजे नेमकं काय, ते आता पाहू. वर्षाच्या शेवटी मासिक विक्री दुप्पट व्हायची असेल तर दर महिन्याला जवळजवळ 6 टक्के वाढ हवी, बारा महिने न चुकता. ऐकायला 6 टक्के किरकोळ वाटतात. दरमहा 5 टक्क्यांनी वर्षाला सुमारे 80 टक्के होतात, 3 टक्क्यांनी 43, 2 टक्क्यांनी 27. दरमहा 10 टक्के म्हणजे वर्षात तिपटीहून जास्त. गेल्या वर्षी तुमची वाढ 12 टक्के झाली असेल तर यंदा 100 टक्के कशामुळे होणार, याला एक ठोस उत्तर हवं: नवीन मोठं गिऱ्हाईक, नवी सेवा, नवा माणूस. 'जास्त मेहनत' हे उत्तर नाही, कारण मेहनतीचे तास आपण वर मोजले आणि ते संपलेले आहेत.

वाढ झाली तरी ती पचायला हवी. एका छपाईवाल्याची गोष्ट सांगतो. त्यांनी विक्री 30 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं, आणि खरंच वाढवली. आठव्या महिन्यात पगाराला पैसे नव्हते. मला म्हणाले, 'ऑर्डरी आहेत, नफा आहे, मग पैसा गेला कुठे?' समजा त्यांची मासिक विक्री 100 होती, ती 130 झाली. गिऱ्हाइकं पैसे देत होती 60 दिवसांनी, म्हणजे येणं 200 वरून 260 वर गेलं. कागदवाल्याला मात्र 15 दिवसांत द्यावे लागत. मालाचा खर्च विक्रीच्या निम्मा धरला तर देणं 25 वरून साडेबत्तीस झालं. येण्यात 60 जास्तीचे अडकले, देण्यातून फक्त साडेसात मिळाले, उरलेले साडेबावन्न खिशातून गेले. निव्वळ नफा 8 टक्के, म्हणजे 130 वर महिन्याला 10.4. जवळजवळ पाच महिन्यांचा सगळा नफा नुसता उधारीत जाऊन बसला होता. धंदा तोट्यात नव्हता, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांना पहिल्या वर्षी वाढीचं नाही, वसुली 60 वरून 45 दिवसांवर आणायचं उद्दिष्ट हवं होतं. वाढ पुढच्या वर्षी घेता आली असती, आणि स्वस्तात.

म्हणून तुमच्या यादीतलं पाचवं कलम, उधारी कमी करणं, मला पहिल्या कलमाच्या वर ठेवावंसं वाटतं. पण 'कमी करणं' म्हणजे किती? आज सरासरी वसुली किती दिवसांनी होते ते काढा: बाकी येणं भागिले वर्षाची उधारीची विक्री, गुणिले 365. समजा उत्तर 50 आलं. सहा महिन्यांत 40, वर्षाअखेर 35. झालं उद्दिष्ट. ते पार पाडायचा मार्गही तुमच्याच हातात आहे. बिल काम झालं त्याच दिवशी द्या, महिनाअखेरीला नव्हे. मुदत संपायच्या आधी एक आठवण पाठवा, नंतर नव्हे. ज्याची जुनी बाकी आहे त्याचं नवं काम घेण्याआधी बाकीचा विषय काढा. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला भीड पडते. त्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली 'जर-तर' युक्ती कामी येते: 'जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करेन' असं आधीच लिहून ठेवायचं. 'आठवड्याच्या पहिल्या दिवशी दुकान उघडलं की पहिला अर्धा तास वसुलीचे फोन, त्यानंतरच टेबल' असं लिहिलेलं टिकतं. 'वसुलीकडे लक्ष देणार' असं लिहिलेलं नव्याचे नऊ दिवस चालतं.

भावाबद्दलही एक गणित, कारण विक्री वाढवायची म्हटलं की पहिला हात सवलतीकडे जातो. मार्जिन 30 टक्के असताना 10 टक्के सवलत दिली, तर पूर्वीइतकाच पैसा हातात राहायला दीडपट माल किंवा काम विकावं लागतं. 30 मधले 10 गेले, उरले 20, आणि 30 भागिले 20 म्हणजे दीड. उलट भाव 5 टक्के वाढवला, तर सातातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही होतात तिथेच असता, आणि काम कमी करावं लागतं. ज्यांचे तास संपलेत त्यांनी हे गणित दोनदा वाचावं. सगळ्यांनाच भाव वाढवणं जमेल असं नाही, बाजार पाहावा लागतो. पण 'नव्या कामांना नवा दर, जुन्या गिऱ्हाइकांना चौथ्या महिन्यापासून' हे उद्दिष्ट पुष्कळदा 'विक्री 20 टक्के वाढवू' पेक्षा जास्त देऊन जातं, आणि त्याला तास जवळजवळ लागत नाहीत.

आता खास तुमच्या धंद्याचं एक. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक टिकतं ते दिलेली तारीख पाळल्यावर. त्यासाठी एक सुंदर सूत्र आहे, 1961 मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेलं: आत पडून असलेली सरासरी कामं म्हणजे रोज बाहेर पडणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे सरासरी दिवस. तुमच्या फळीवर 40 उपकरणं असतात आणि दिवसाला 8 तयार होऊन जातात, तर एक उपकरण सरासरी 5 दिवस तुमच्याकडे राहतं, तुम्ही काउंटरवर काहीही सांगा. तीन दिवसांत द्यायचं असेल तर फळीवर 24 पेक्षा जास्त नकोत, किंवा दिवसाला 13 पेक्षा जास्त बाहेर पडायला हवीत. दुसरं जमणार नाही, पहिलं जमू शकतं. फळीवर पडलेली उपकरणं कशाची वाट पाहतायत ते बघा. निम्मी तरी सुट्या भागाची किंवा गिऱ्हाइकाच्या 'हो' ची वाट पाहत असतात, कारागिराच्या हाताची नव्हे. मग उद्दिष्ट असं: नेहमी लागणारे दहा भाग कायम साठ्यात, आणि खर्चाचा अंदाज उपकरण घेतानाच किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा. फळीवरचा आकडा रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायचा. हे काम कारागिरालाही देता येतं, आणि त्याला ते स्वतःचं वाटतं.

कामाची गती मोजताना एक सावधगिरी. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे म्हटलं होतं, ते पुढे सगळीकडे लागू पडलं आणि या शब्दांत रूढ झालं: जे माप उद्दिष्ट बनतं ते चांगलं माप राहत नाही. दिवसाला किती उपकरणं दुरुस्त केली यावर तुम्ही बक्षीस ठेवलंत, तर सोपी उपकरणं आधी होतील, अवघड तळाशी जातील, आणि काही दोन आठवड्यांत परत येतील. म्हणून अशा आकड्याशेजारी त्याला लगाम घालणारा दुसरा हवा. इथे तो म्हणजे त्याच तक्रारीसाठी परत आलेली उपकरणं. दोन्ही आकडे एकाच फळ्यावर, शेजारी शेजारी.

माणसांबद्दल थोडंसं. विक्रीचा आकडा कामगारांच्या अंगावर टाकू नका, कारण तो त्यांच्या हातात नाही. जे त्यांच्या हातात आहे तेच उद्दिष्ट म्हणून द्या, आणि ठरवताना त्यांनाच विचारा. कुठला भाग नेहमी संपतो हे तुमच्याआधी त्यांना ठाऊक असतं.

आढावा. वर्षाच्या शेवटी घेतलेला आढावा म्हणजे वरातीमागून घोडं. महिन्याला एक तास पुरतो, पण तो ठरलेल्या दिवशी, शक्यतो दुकानाबाहेर बसून घ्या. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, धंद्याला हंगाम असतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्याहून चांगलं म्हणजे दर महिन्याला शेवटच्या बारा महिन्यांची बेरीज काढत जा. नवा महिना आत, तेरावा बाहेर. ती बेरीज चढतेय की उतरतेय हे दिसलं की एखाद्या वाईट महिन्याने छाती दडपत नाही, आणि एखाद्या चांगल्या महिन्याने डोक्यात हवाही जात नाही.

त्या तासात उद्दिष्ट बदलायची मुभा ठेवा, पण अटी आधी लिहून. 'सहाव्या महिन्यापर्यंत वेबसाइटवरून महिन्याला पाच सुद्धा चौकश्या येत नसतील तर तिच्यावरचा खर्च थांबवायचा' असं आत्ताच, डोकं शांत असताना लिहा. नंतर लिहिता येत नाही, तेव्हा घातलेल्या पैशांची माया सुटत नाही. मी स्वतः एक सेवा दोन वर्षं जास्त चालवली, केवळ तिच्यासाठी घेतलेलं सामान रोज डोळ्यांसमोर होतं म्हणून. आणि आकडा एक न ठेवता दोन ठेवा: याच्या खाली गेलं तर चिंता करायची असा एक, आणि इथे पोचलो तर पेढे वाटायचे असा दुसरा. एकाच आकड्यावर अडकलं की 18 टक्के वाढ झालेलं वर्षही 20 ठरवले होते म्हणून नापास वाटतं.

तर तुमची यादी. दुसरी शाखा यंदा नाही. पहिल्या जागेचे आकडे बारा महिने सलग तुमच्यासमोर नाहीत, तोवर दुसरी जागा म्हणजे तोच गोंधळ दुप्पट भाड्याने. रोजची पोस्टही काढून टाका, आठवड्याला एक, तीही दुकानातल्या पोराला आवड असेल तर त्याच्याकडे. वेबसाइट दुसऱ्या सहामाहीत, आणि फक्त एका पानाची: काय दुरुस्त करता, वेळ, फोन, किती दिवसांत देता. शेवटचा आकडा फळीवरची गर्दी कमी झाल्यावरच छापा. विक्री दुप्पटऐवजी 15 टक्के, त्यातही काही भाग दरवाढीतून. 15 चा आकडा मी अंदाजाने लिहिलाय, तुमची महिनावार विक्री पाहून तो बदला.

पहिल्या तीन महिन्यांत एकच मोठं काम घ्या: हिशेब संगणकावर. ते मुळात उद्दिष्ट नाहीच, बाकी सगळी मोजण्यासाठी लागणारी पट्टी आहे. जुनी पाच वर्षं भरत बसू नका, चालू महिन्यापासून सुरू करा आणि फक्त बाकी येणं-देणं आत घ्या. चौथ्या महिन्यापासून वसुलीचे दिवस.

आणि सुट्टी. ती तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी लिहिली आहे, जणू बाकीची सहा झाली तर मिळणारं बक्षीस. मी ती दुसऱ्या महिन्यातच घालेन, पंधरवड्यातून एक दिवस, दुकान चालू ठेवून. त्या दिवशी दुकानातून तुम्हाला किती फोन येतात ते लिहून ठेवा, आणि प्रत्येक फोन कशासाठी होता तेही. किल्ली कुठे, दर किती सांगू, अमुक भाग कोणाकडून मागवू. पहिल्या वेळी पंधरा येतील. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका कागदावर लिहून काउंटरमागे चिकटवा, आणि पुढच्या सुट्टीला परत मोजा.